युरेनियमचा शोध म्हणजे नेमकं काय? बोअरच्या भोकापासून अणुभट्टीपर्यंत

८ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक ज्ञापन काढलं. युरेनियमसारखी अणुखनिजं आणि सरकारने ‘महत्त्वपूर्ण’ ठरवलेली इतर काही खनिजं यांच्या खाणींसाठी यापुढे जनसुनावणी लागणार नाही, आणि खाणपट्टा कितीही लहान असला तरी अशा प्रस्तावाचा विचार थेट केंद्रात होईल, असं त्यात म्हटलं आहे. त्यानंतर डिसेंबरात संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुअपघात भरपाईचा कायदा या दोन्हींची जागा त्याने घेतली आणि अणुवीज खासगी कंपन्यांना खुली केली.

या बातम्या वाचताना बहुतेकांच्या मनात साधे प्रश्न येतात. युरेनियम शोधतात म्हणजे काय करतात? शोधणं आणि खणणं यात फरक काय? गावाजवळ मशीन आलं तर घाबरायचं का? यातला प्रत्येक टप्पा वेगळा आहे. त्याचा धोका वेगळा, त्याला लागू होणारा कायदाही वेगळा. हे टप्पे एकत्र मिसळले की एकीकडे नुसत्या बोअरची भीती पसरते आणि दुसरीकडे गाळाच्या तलावाबद्दल कुणी विचारतच नाही.

## आधी दगड समजून घेऊ

युरेनियम दुर्मीळ नाही. ते जवळजवळ प्रत्येक खडकात असतं, फक्त अगदी थोडं. ग्रॅनाइटमध्ये दहा लाख भागांत तीन-चार भाग, आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात साधारण एक भाग किंवा त्याहूनही कमी. महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर हाच काळा पाषाण पसरलेला असल्यामुळे युरेनियमच्या नकाशावर आपलं राज्य ठळक दिसत नाही. शोध चालतो तो जुन्या खडकांच्या पट्ट्यांत. झारखंडचा सिंगभूम, आंध्र-तेलंगणाचं कडप्पा खोरं, कर्नाटकातला गोगी, राजस्थानातला सीकरजवळचा रोहिल आणि मेघालयातले वालुकाश्म हे त्यातले मुख्य.

खणणं परवडेल एवढं युरेनियम असलेल्या दगडाला धातुक म्हणतात. भारतातलं धातुक फार हलकं आहे. ढोबळ मानाने ०.०५ टक्के धरा. क्विंटलभर तांदळात पन्नास ग्रॅम काळे दाणे मिसळले आणि ते निवडून काढायला बसलं, तर जे प्रमाण होईल तेच हे. कॅनडाच्या सिगार लेक खाणीत क्विंटलमागे पंधरा किलोच्या आसपास मिळतं. एवढ्या एका फरकामुळे भारताचं युरेनियम धोरण वेगळं झालं आहे.

आणि ते पन्नास ग्रॅमही सगळे कामाचे नाहीत. निसर्गातल्या युरेनियममध्ये दोन मुख्य भावंडं असतात. युरेनियम-२३८ हे ९९.३ टक्के आणि युरेनियम-२३५ हे जेमतेम ०.७ टक्के. अणुभट्टीत सहज फुटून ऊर्जा देतं ते हे दुसरं, धाकटं. क्विंटलभर दगडात ते सुमारे एक-तृतीयांश ग्रॅम भरतं.

## शोधतात कसं

सरकारी भाषेत या कामाला ‘पूर्वेक्षण’ म्हणतात, म्हणजे खाण काढण्याआधी जमिनीखाली काय, किती आणि कुठे आहे याचा अंदाज घेणं. देशात हे काम अणुखनिज अन्वेषण व अनुसंधान संचालनालय करतं. १९४९ मध्ये एक छोटा सर्वेक्षण गट म्हणून त्याची सुरुवात झाली. मुख्यालय हैदराबादला आहे, आणि मध्य भारताचं काम नागपूरच्या कार्यालयातून चालतं.

पहिला टप्पा आकाशातून होतो. हेलिकॉप्टर किंवा विमानात मोठे स्फटिक बसवलेली उपकरणं ठेवून ठरावीक अंतराच्या समांतर रेषांत, नांगरटीसारखं, उडत जातात. खालून येणारे गॅमा किरण मोजतात आणि त्यांच्या ऊर्जेवरून ते पोटॅशियमचे, थोरियमचे की युरेनियमचे हे ओळखतात. इथे एक गंमत आहे. मोजले जाणारे किरण युरेनियमचे नसतातच. युरेनियम हळूहळू क्षय पावत चौदा पायऱ्या उतरून शिशात बदलतं, आणि वाटेत बिस्मथ-२१४ नावाचा एक वारसदार तयार होतो. उपकरणाला दिसतात ते त्याचे किरण. धूर बघून चूल कुठे पेटली आहे हे ओळखावं, तसं हे काम. पण कधी धूर वाऱ्याने दुसरीकडे जातो. भूजलाने युरेनियम धुऊन नेलेलं असतं आणि वारसदार जागेवर राहिलेले असतात, किंवा उलट होतं. म्हणून केवळ गॅमाच्या आकड्यावर कुणी जाणकार भूवैज्ञानिक ‘सापडलं’ असं म्हणत नाही.

दुसरी मर्यादा आणखी मोठी आहे. हे किरण जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या आतूनच बाहेर येऊ शकतात. दोनशे मीटर खालचा साठा आकाशातून दिसत नाही. त्यासाठी विहिरींचं आणि ओढ्यांचं पाणी तपासतात, मातीतला रेडॉन वायू मोजतात, खडकांच्या चुंबकीय आणि विद्युत गुणांवरून खालची रचना ताडतात. माणसं हातात गॅमा मोजणारं उपकरण घेऊन पायी फिरतात. इथपर्यंत कुठेही खड्डा पडत नाही, झाड तुटत नाही.

## बोअर मारताना काय होतं

मग यंत्र येतं. हे पाण्याच्या बोअरवेलचं मशीन नव्हे, हा फरक महत्त्वाचा आहे. पाण्याच्या बोअरला हवेच्या दाबाने दगडाचा भुगा करत खाली जातात. इथे दगड अख्खा हवा असतो. पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याच्या कणांचं कडं असतं. ते फिरत फिरत खाली जातं आणि मधला दगड गोल दांड्यासारखा नळीत साठत जातो. याला ‘कोअर’ म्हणतात. जाडी साधारण पाच सेंटिमीटर. कडं थंड राहावं म्हणून सतत पाणी सोडावं लागतं, आणि भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्यात बऱ्याचदा बेंटोनाइटची माती कालवतात.

वर आलेले दांडे खाचा असलेल्या पेट्यांत क्रमाने मांडतात आणि प्रत्येक तुकड्यावर खोली रंगवतात. मग गॅमा मोजणारी सळई केबलने भोकात सोडून तळापासून वरपर्यंत नोंद घेतात. जिथे आकडा उसळतो त्या खोलीचा कोअर काढून उभा कापतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा जपून ठेवतात. उद्या आकड्यावर वाद झाला तर पुरावा हाच असतो. कधी ठिसूळ थर नळीत टिकत नाही आणि नेमका कामाचा तुकडा हरवतो. मग शेजारी पुन्हा भोक.

एका बोअरवरून साठा कळत नाही. सुरुवातीला शेकडो मीटर अंतर ठेवून बोअर घेतात. खनिज लागलं की मधली अंतरं निम्मी करत जातात आणि शेवटी पन्नास-शंभर मीटरवर येतात. जमिनीखालचा थर पलंगाच्या गादीसारखा सपाट आहे की दोरीसारखा वळत गेला आहे, हे त्यावरून ठरतं. काही ठिकाणी बोअर हजार मीटरच्या पुढे जातात.

## भोकातून किरणोत्सर्ग पसरतो का?

ही भीती सगळ्यात जास्त ऐकू येते. सरळ उत्तर असं की, पाच सेंटिमीटरच्या कोअरमधल्या ०.०५ टक्के युरेनियमने शेजारच्या गावाला मोजता येईल असा डोस मिळत नाही. सामान्य माणसासाठी ठरवलेली वरची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाचा डोस मोजायचं एकक) आहे, नैसर्गिक किरणोत्सर्ग आणि वैद्यकीय तपासण्या सोडून. पेट्यांत मांडलेला कोअर काही शे मीटरवरच्या घराला त्या मर्यादेजवळसुद्धा नेत नाही.

पण म्हणून बोअर निरुपद्रवी ठरत नाही. धोका पाण्याचा आहे. जमिनीखाली पाण्याचे थर एकावर एक असतात आणि मध्ये घट्ट दगडाची पाटी असते. बोअर ती पाटी भेदून जातो. काम झाल्यावर भोक खालपासून वरपर्यंत सिमेंटने भरलं नाही, तर ती एक सरळ नळी होऊन बसते. खालच्या थरातलं पाणी, त्यातल्या युरेनियम, आर्सेनिक, फ्लोराइडसकट, वरच्या थरात येऊ शकतं, किंवा वरच्या विहिरीचं पाणी खाली उतरून विहीर आटू शकते. नुसतं तोंडाला झाकण लावलेलं भोक बंद झालेलं नसतं.

युरेनियमची गोष्ट निघाली की आपण किरणांचाच विचार करतो, पण पिण्याच्या पाण्यातलं युरेनियम आधी त्रास देतं ते रसायन म्हणून, आणि तोही मूत्रपिंडाला. भारतीय मानकानुसार पाण्यातली मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. पंजाब आणि राजस्थानात जिथे युरेनियमची खाणही नाही आणि त्याच्या शोधाचे बोअरही नाहीत, तिथल्या भूजलातही याहून जास्त युरेनियम सापडलं आहे. ते तिथल्या खडकांतून, पाण्याच्या रसायनामुळे उतरलं आहे. म्हणजे बोअरनंतर विहिरीत युरेनियम सापडलं, तर ते आधीपासून होतं की बोअरमुळे आलं, हे सांगण्याचा एकच मार्ग उरतो. आधीची तपासणी हाताशी हवी.

## मग अमराबादमध्ये लोक का उठले?

तेलंगणातला अमराबाद व्याघ्र प्रकल्प नल्लमला डोंगरांत आहे. चेंचू आदिवासींची ही भूमी. मे २०१९ मध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीने तिथल्या ८३ चौरस किलोमीटर जंगलात युरेनियमच्या सर्वेक्षणाची तत्त्वतः शिफारस केली. प्रस्तावात बोअरची संख्या होती ४,०००.

इथे हिशेब करून पाहू. एक बोअर म्हणजे कागदावर पाच-दहा सेंटिमीटरचं भोक. पण यंत्राला उभं राहायला सपाट जागा लागते, चिखल-पाण्यासाठी खड्डा लागतो, पाण्याच्या टँकरला आणि डिझेलला वाट लागते. चार हजार बोअर ८३ चौरस किलोमीटरवर पसरले तर दर चौरस किलोमीटरला जवळपास ४८ होतात, म्हणजे सरासरी दीडशे मीटरच्या आत एक. जंगलाला भोक जाचत नाही. भोकापर्यंत जाणारा रस्ता जाचतो, कारण त्या रस्त्याने मागाहून इतरही येतात. सप्टेंबर २०१९ मध्ये तेलंगणा विधानसभेने या सर्वेक्षणाविरुद्ध एकमताने ठराव केला.

‘अजून फक्त शोध आहे, खाण नाही’ हे उत्तर तेव्हा दिलं गेलं. भूशास्त्राच्या दृष्टीने ते खरंही होतं. पण ज्या गावाच्या भोवती साठा सिद्ध होतो, ते गाव कायमचं संभाव्य खाणींच्या यादीत जातं. मेघालयातल्या डोमियासियातचा साठा १९८० च्या दशकात सापडला. देशातल्या चांगल्या प्रतीच्या साठ्यांत त्याची गणना होते. तिथली जमीन खासी कुळांच्या मालकीची आणि विरोध तीव्र, त्यामुळे आजही तिथे नियमित खाण नाही. तेलंगणात नागार्जुनसागरजवळच्या लंबापूर-पेद्दगट्टूचंही तसंच झालं. खाण झाली नाही, पण टांगती तलवार वर्षानुवर्षं राहिली. लोक बोअरच्या टप्प्यावरच का बोलू लागतात, याचं उत्तर इथे आहे.

## कायदा कोणाला काय करू देतो

खाण आणि खनिज कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ‘भाग ब’ नावाची यादी आहे, ती अणुखनिजांची. २०२३ च्या दुरुस्तीने तिच्यातून लिथियम, बेरिलियम, नायोबियम, टँटलम, टायटॅनियम आणि झिर्कोनियमची खनिजं बाहेर काढली आणि ती खासगी कंपन्यांना खुली केली. युरेनियम मात्र जागेवरच राहिलं. त्याच दुरुस्तीत खासगी कंपन्यांसाठी जो नवा शोधपरवाना आला, त्याच्या यादीतही युरेनियम नाही. २०१६ च्या अणुखनिज सवलत नियमांनी प्रमाणाची एक किमान पातळी ठरवली आहे. त्यापेक्षा जास्त युरेनियम असलेला साठा सरकारी कंपनीसाठी राखीव असतो. व्यवहारात ही कंपनी म्हणजे १९६७ मध्ये स्थापन झालेलं युरेनियम कॉर्पोरेशन.

आपल्या शेतात सापडलं तर? १९६२ च्या कायद्यातच युरेनियम सापडल्याचं तीन महिन्यांच्या आत केंद्राला कळवण्याचं बंधन घातलेलं होतं. २०१३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, कायद्याने काढून घेतली नसेल तर जमिनीखालच्या खनिजाची मालकी जमीनमालकाची असू शकते. हा निकाल महत्त्वाचा आहे, पण मालकी असणं आणि खणण्याची मुभा असणं या दोन गोष्टी आहेत. युरेनियमच्या बाबतीत दुसरी तुमच्याकडे नाही.

शांती कायद्याने अणुवीज केंद्रं चालवण्याचं दार खासगी क्षेत्राला उघडलं, तरी वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया आणि अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या जड पाण्याचं उत्पादन ही नाजूक कामं सरकारने स्वतःच्या हातात ठेवली.

आता जनसुनावणीकडे येऊ. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेची पुढे जी रचना झाली, तिच्यात पूर्वेक्षणाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. म्हणजे बोअरच्या टप्प्यावर जनसुनावणी आधीपासूनच नव्हती. विचारणाऱ्याला सांगितलं जायचं की खाणीचा प्रस्ताव आला की सुनावणी होईल, तेव्हा बोला. सप्टेंबर २०२५ च्या ज्ञापनाने ते ‘तेव्हा’ काढून टाकलं. शिवाय २०२३ मध्ये वन कायद्यात झालेल्या बदलाने, जंगलातलं सर्वेक्षण आणि पूर्वेक्षण ‘वनेतर काम’ (ज्याला केंद्राची परवानगी लागते) धरायचं नाही असा आदेश काढण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आहे.

संरक्षणाशी निगडित माहिती गुप्त ठेवावी लागते, हे मान्य. पण गावाची विहीर किती खोल आहे, गाळाचा तलाव कोणत्या ओढ्याच्या डोक्यावर येणार, पाऊस जास्त झाला तर पाणी कुठे जाईल, यात गुप्त काय आहे? आणि ही माहिती गावकऱ्यांइतकी अचूक कुणाकडेही नसते. जनसुनावणी काढून टाकल्याने प्रकल्प अडवणारे जसे बाजूला पडतात, तसेच चूक वेळेत दाखवणारेही बाजूला पडतात. आराखड्यात हा तोटा दिसत नाही, पहिल्या मोठ्या पावसात दिसतो.

## सापडल्यावर पुढे काय

साठा सिद्ध झाला, पट्टा मिळाला, की खाण आणि गिरणी येते. झारखंडमधल्या जादूगुडाला साठा सापडला १९५१ मध्ये आणि १९६७ मध्ये तिथे खाणकाम सुरू झालं. त्या खाणीची खोली ९०० मीटरच्या पुढे गेली आहे.

गिरणीत दगड पिठासारखा बारीक दळतात. जादूगुडाला त्यात गंधकाम्ल घालतात, त्याने युरेनियम विरघळून पाण्यात येतं. कडप्पा जिल्ह्यातल्या तुम्मलपल्लेला हे चालत नाही, कारण तिथला दगड चुनखडीच्या जातीचा आहे. चुन्यावर लिंबू पिळलं की लिंबू फसफसून संपतं, तसं आम्ल दगडावरच खर्च होईल. म्हणून तिथे सोड्याच्या क्षारांत, दाब आणि उष्णता देऊन युरेनियम विरघळवतात. मग ते द्रावणातून साक्याच्या रूपात खाली बसवलं की पिवळी भुकटी मिळते. तिला यलोकेक म्हणतात. ती हैदराबादच्या अणुइंधन संकुलात जाते, शुद्ध होते, आणि तिच्या गोळ्या दाबून-भाजून तयार होतात. हाताच्या पेराएवढी, काळी, चिनीमातीसारखी कडक गोळी.

भारताच्या २२० मेगावॅटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत या गोळ्या १९ नळ्यांत भरून त्या नळ्यांचा जुडगा बनवतात. लांबी अर्धा मीटर, आत सुमारे १५ किलो युरेनियम ऑक्साइड. आता उलटा हिशेब करू. ०.०५ टक्क्यांच्या एक टन दगडात अर्धा किलो ऑक्साइड असतं. गिरणीत त्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं असं धरलं तर ४०० ग्रॅम. म्हणजे एका जुडग्यासाठी सुमारे ४० टन दगड, चार मोठे ट्रक. भट्टीत ३०६ नळमार्ग, प्रत्येकात १२ जुडगे, एकूण ३,६७२. भट्टी एकदा भरायला दीड लाख टनांच्या आसपास दगड फोडावा लागतो.

बदल्यात मिळतं काय? एक जुडगा त्याच्या आयुष्यात ढोबळ मानाने सहा लाख युनिट वीज देतो. महिन्याला शंभर युनिट वापरणारी पाचशे घरं वर्षभर चालतील एवढी. तेवढीच वीज कोळशातून काढायला चारशे टनांच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. धातुक इतकं हलकं असूनही युरेनियमचा मोह का सुटत नाही, ते या आकड्यांवरून लक्षात येतं.

## खरी जोखीम गाळात

टनभर दगडातून ४०० ग्रॅम काढले. उरलेलं? ते सगळं गिरणीच्या मागच्या दाराने बाहेर पडतं. त्याला टेलिंग्ज म्हणतात, आपण गाळ म्हणू. ताक घुसळून लोणी काढावं तसं यातून युरेनियम निघतं, पण आंबटपणा ताकातच राहतो. युरेनियम गेलं तरी त्याचे वारसदार, थोरियम-२३० आणि रेडियम, मागे राहतात. मूळ दगडाच्या किरणोत्सर्गापैकी सुमारे ८५ टक्के गाळातच उरतो. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १,६०० वर्षं आहे, थोरियम-२३० चं पाऊण लाख.

चुना घालून गाळाचं आम्ल मारतात. जाडसर भाग खाणीच्या रिकाम्या पोकळ्यांत परत भरतात, ही चांगली पद्धत आहे. बारीक भाग नळाने तलावात सोडतात आणि वरचं पाणी गोळा करून शुद्ध करतात. बिघाड होतो तो ठरलेल्या जागी. नळ गंजतो आणि फुटतो, तलावाच्या तळातून झिरपा सुरू होतो, उन्हाळ्यात वाळलेल्या गाळाची धूळ उडते, बांधावर गुरं चरतात. डिसेंबर २००६ मध्ये जादूगुडाजवळ गाळाचा नळ फुटून गाळ ओढ्यात गेला होता, आणि गळती लगेच थांबली नव्हती. अशा नळावर दाब घसरला की आपोआप बंद होणारी झडप आणि धोक्याची घंटा हवीच. तिचा खर्च प्रकल्पाच्या मानाने नगण्य आहे.

जादूगुडा परिसरातल्या आजारांबद्दल जुना वाद आहे. तिथले रहिवासी आणि काही डॉक्टरांच्या पाहण्या व्यंगांचं आणि आजारांचं प्रमाण जास्त असल्याचं सांगतात. अणुऊर्जा विभाग ते अमान्य करतो. खाण सुरू होण्याआधीची आरोग्याची नोंदच नसेल, तर दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं निर्विवाद सिद्ध करता येत नाही, आणि त्यात होरपळतात ती तिथली माणसं.

## बाहेरून का आणत नाही? आणि थोरियमचं काय?

बाहेरून आणतोच. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर जगाने इंधनाचं दार बंद केलं. २००८ च्या सुमारास देशी युरेनियम इतकं अपुरं पडलं की अणुवीज केंद्रं जवळपास निम्म्या क्षमतेने चालवावी लागली. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला सूट दिली. त्यानंतर रशिया, कझाकस्तान, कॅनडा अशा देशांतून युरेनियम येऊ लागलं. पण आयात युरेनियम आंतरराष्ट्रीय तपासणीखालच्या भट्ट्यांतच वापरता येतं. तारापूरच्या १९६९ च्या दोन जुन्या भट्ट्यांचं इंधनही बाहेरचंच. पाणबुडीची भट्टी किंवा शस्त्रं यांसाठी ते चालत नाही, तिथे देशी युरेनियमच लागतं. सरकार हलकं, महागडं देशी धातुक सोडत नाही, त्यामागे हेही कारण आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण हिशेबाचं. देशात सापडलेला साठा चार लाख टन ऑक्साइडहून अधिक आहे. ऐकायला भरपूर वाटतं. पण हजार मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्ट्यांना वर्षाला सुमारे दीडशे टन युरेनियम लागतं. सरकारचं २०४७ चं लक्ष्य एक लाख मेगावॅट आहे, आणि सध्याची क्षमता नऊ हजारांच्या आसपास. सगळं या एकाच पद्धतीने केलं तर वर्षाला पंधरा हजार टन लागतील, आणि जमिनीतला कण न् कण काढता आला तरी साठा पंचवीस वर्षंही पुरणार नाही. प्रत्यक्षात कण न् कण निघत नाही. एक भट्टी मात्र चाळीस-साठ वर्षं चालवण्यासाठी बांधतात.

थोरियम केरळपासून ओडिशापर्यंतच्या किनाऱ्याच्या वाळूत भरपूर आहे. पण ते ओल्या लाकडासारखं आहे, आपण होऊन पेटत नाही. आधी युरेनियम जाळून प्लुटोनियम मिळवायचं, मग ते कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटसारख्या जलदगती भट्ट्यांत वापरून साठा वाढवायचा, आणि मग थोरियमकडे वळायचं. होमी भाभांनी आखलेला तीन टप्प्यांचा कार्यक्रम तो हाच. थोरियमच्या वाटेवरही पहिली पायरी युरेनियमचीच आहे.

वीज आणि शस्त्रं सोडून आणखी एक वापर आपल्या अगदी जवळचा आहे. ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ संशोधन भट्टीत, युरेनियमच्या विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनच्या माऱ्याने, रुग्णालयांत तपासणीला आणि उपचाराला लागणारी किरणोत्सर्गी समस्थानिकं तयार होतात. कोबाल्ट-६० वीज केंद्रांच्या भट्ट्यांतही बनतं. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात त्याच कोबाल्टचे किरण कांद्यावर सोडले की कांद्याला कोंब फुटत नाहीत. २००७ मध्ये अमेरिकेला आंबा जाऊ लागला तोही याच विकिरणानंतर.

## गावात यंत्र आलं तर काय विचारायचं

परवानगीचं पत्र आणि बोअरची जागा दाखवणारा नकाशा ग्रामपंचायतीत मागता येतो. त्यात बोअरचा क्रमांक, अपेक्षित खोली आणि काम संपल्यावर भोक कसं बुजवणार हे असायला हवं. सिमेंट तळापासून भरलं का, हे भरताना समोर उभं राहून पाहता येतं, नंतर कळत नाही. जमीन वनातली असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार जनसुनावणीच्या ज्ञापनाने गेलेले नाहीत. पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासी भागात, ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदाही लागू आहे.

आणि पहिल्या बोअरच्या आधी पाणी तपासून घ्यायचं. गावातल्या निदान चार-पाच विहिरी आणि हातपंप, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. युरेनियम, फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट आणि क्षार. बाटली तपासणीच्या पाण्यानेच दोनदा विसळायची, धातूंसाठीच्या नमुन्यात प्रयोगशाळेने दिलेलं आम्ल घालायचं, नाहीतर युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटून आकडा कमी येतो. बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख, पाण्याची पातळी किती फुटांवर होती ते लिहायचं आणि अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावायची. यंत्र निघून गेल्यावर दुसरी तपासणी कधीही करता येते. पहिली फक्त आत्ताच.